रिलीव्हर

लग्नानंतरची एकतीस वर्षे आमच्या स्वयंपाकघरात एक कागद लावलेला असे. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या भाड्याच्या घरात तो डाळ-तांदळाच्या कपाटाच्या दाराला टाचणीने अडकवलेला होता, आणि कारेलीबागेत राहायला आल्यावर फ्रिजवर चिकटवलेला. महिना संपत आला की कारखान्यात पुढल्या महिन्याच्या पाळ्यांचा तक्ता लागे. मी माझी ओळ उतरवून घरी आणत असे आणि पत्नी त्यावर पेन्सिलीने स्वतःच्या खुणा करत असे. काही तारखांवर टिंब, काहींवर फुली, मंगळवारांवर अधूनमधून एखादे बारीक वर्तुळ. त्या खुणा कसल्या आहेत हे मी निवृत्त होईपर्यंत एकदाही विचारले नाही. तक्ता माझा होता आणि खुणा तिच्या होत्या, एवढी वाटणी मला पुरेशी वाटत होती.

मी रसायनांच्या एका कारखान्यात १९८४ मध्ये ऑपरेटर म्हणून लागलो आणि २०२० मध्ये शिफ्ट इन्चार्ज म्हणून निवृत्त झालो. बडोद्यात ही नोकरी कोणाला समजावून सांगावी लागत नाही. १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, त्यामागोमाग खतांचे आणि पेट्रोरसायनांचे कारखाने आले, आणि तोवर राजवाड्यांचे, कचेऱ्यांचे आणि विद्यापीठाचे म्हणून ओळखले जाणारे हे गाव हळूहळू शिफ्टच्या बसचेही गाव झाले. आमच्या आजोबांच्या पिढीतली बडोद्याची मराठी माणसे गायकवाड सरकारच्या चाकरीत होती, वडिलांच्या पिढीतली बँकेत आणि शाळांत. आमच्या पिढीतली बरीचशी पहाटे पाच वाजता डबा हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहू लागली. सकाळपाळी सहा ते दोन, दुसरी दोन ते दहा, रात्रपाळी दहा ते सहा. रसायनांच्या कारखान्यातल्या भट्ट्या आणि कॉम्प्रेसर एकदा लागले की मनात येईल तेव्हा बंद करता येत नाहीत. थंड करून पुन्हा सुरू करायला दिवसच्या दिवस जातात. म्हणून तिथे काम थांबत नाही, फक्त माणसे बदलतात.

माणसे बदलण्याचा नियम आम्हाला यंत्रांच्याही आधी शिकवला गेला. तुमच्या जागी पुढच्या पाळीला येणारा माणूस तो तुमचा रिलीव्हर. तो येऊन यंत्रांचे आकडे दाखवणाऱ्या पॅनेलसमोर उभा राहीपर्यंत, कुठला पंप दुरुस्तीसाठी उघडला आहे, कुठल्या टाकीची पातळी चढते आहे, दुरुस्तीचे कुठले परमिट, म्हणजे परवानगीपत्र, अजून बंद झालेले नाही हे तुम्ही त्याला तोंडी सांगेपर्यंत, आणि लॉगबुकात तुमच्या सहीखाली तो सही करेपर्यंत तुमची पाळी संपत नाही, घड्याळात कितीही वाजलेले असोत. याला आम्ही चार्ज देणे म्हणत असू. रिलीव्हर आला नाही तर ‘डबल’ करायचे, म्हणजे सलग सोळा तास थांबायचे. पण सही झाली की मात्र तुम्ही मोकळे. बसमध्ये बसल्यावर मागे कारखान्यात काय चालले आहे याचा विचार करण्याची गरज नाही, कारण तो विचार करणारा माणूस आता तिथे बसलेला आहे.

हा नियम किती गंभीर आहे हे सांगण्यासाठी सुरक्षेच्या प्रत्येक प्रशिक्षणात पायपर अल्फाचे उदाहरण देत. उत्तर समुद्रातल्या या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर ६ जुलै १९८८ च्या रात्री आग लागून १६७ माणसे मेली. दिवसपाळीने एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढून नेला होता आणि त्या जागी नुसते झाकण बसवले होते. ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोहोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हा सुरू केला. कागद होता, पण योग्य माणसाच्या हातात नव्हता. पुढे चौकशीचा जो अहवाल १९९० मध्ये आला त्यात पाळीबदलाच्या वेळच्या या अपुऱ्या निरोपावर बोट ठेवलेले होते. नव्या पोरांना मी हे उदाहरण पंचवीस वर्षे सांगत आलो, आणि ते सांगून घरी येऊन ‘चहा टाक गं’ म्हणत आलो.

शिफ्टला मराठीत पाळी हा फार नेमका शब्द आहे. पाळी म्हणजे आळीपाळीने येणारी वेळ. ती येते तशी जाते, आणि जाते ती दुसऱ्या कोणाकडे तरी जाते. दुसरा नसेल तर तिला पाळी म्हणताच येत नाही. नोकरी आणि घर यांच्या समतोलाविषयी जे काही बोलले जाते त्यात तासांचा हिशेब फार असतो. इतके तास कचेरीला दिले, इतके घराला, इतके स्वतःला. तासांचाच प्रश्न असता तर आमचे घर आदर्श ठरले असते, कारण कारखाने कायद्याने आठवड्याचे ४८ तास बांधलेले होते, आठवड्याला सुटी होती, आणि सकाळपाळी असली की दुपारी अडीचला मी घरात असे. जनरल शिफ्टवाले शेजारी माझा हेवा करत. मी दुपारभर घरात असे हे खरे. पण त्या दुपारी मी कोणाचा रिलीव्हर नव्हतो.

रात्रपाळीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. माझ्या पगाराच्या कागदावर ती मी केली असे लिहिलेले असे, प्रत्यक्षात ती माझ्याबरोबर घरातली पाचही माणसे करत. सकाळी सातला मी येई, चहा-पोहे घेऊन आठला झोपे, आणि मग दुपारी दोनपर्यंत घरात संचारबंदी लागे. खिडकीला जाड काळे कापड होते. दाराच्या घंटीच्या वाटीत कापसाचा बोळा होता. कुकरच्या शिट्ट्या सातच्या आत होऊन जायच्या किंवा मग दोननंतर व्हायच्या. वडिलांना रेडिओवर सकाळचे नाट्यसंगीत लागे, ते त्यांनी रेडिओ कानाशी धरून ऐकायचे. शेजारच्या गुजराती बेन भाजीवाल्याला कोपऱ्यावरच गाठून सांगत की या दारासमोर ओरडू नकोस, भाई सूता छे. मुले शाळेतून आली की जिन्यातच चपला हातात घेत. माझ्या मुलीला कुजबुजत भांडता येते. भांडण ऐन रंगात आले तरी तिचा आवाज चढत नाही. हे तिने कुठे आत्मसात केले असे तिच्या सासरच्यांनी एकदा कौतुकाने विचारले, तेव्हा मला हसू आले नाही.

माझे स्वतःचेही काही गेले, ते नाकारत नाही. सूरसागराच्या काठी मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सुरू केलेली गायनशाळा आता विद्यापीठाची विद्याशाखा आहे. तिथे मी संध्याकाळच्या वर्गात दोन वर्षे तबला शिकलो. दर तीन आठवड्यांतला एक आठवडा दुसरी पाळी येई आणि वर्ग बुडे. मग रात्रपाळी येई आणि वर्गात डुलक्या येत. गुरुजी रागावत नसत, पण त्यांनी मला नवा कायदा, म्हणजे तबल्यातली बांधलेली रचना, देणे थांबवले. हळूहळू मीच गेलो नाही. झोपेचे चक्र उलटेपालटे करणाऱ्या पाळ्यांना कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २००७ मध्ये संभाव्य कर्करोगकारक गोष्टींच्या यादीत घातले, तेव्हा आमच्या कँटीनमध्ये त्यावर चार दिवस विनोद झाले. पण तबला सुटला हे मी चारचौघांत सांगू शकत होतो. त्याला नाव होते, लोक हळहळत. पत्नीचे काय सुटले याची यादी कोणी मागितली असती तर मला एकही नाव सांगता आले नसते.

ती प्राथमिक शाळेत शिकवत असे, दुपारच्या सत्रात. तिच्याविषयी नातेवाईक म्हणत, नोकरी सांभाळून घर किती छान करते! माझ्याविषयी ‘घर सांभाळून नोकरी करतो’ असे एकाही मावशीने कधी म्हटले नाही, आणि म्हटले असते तर लोकांनी त्याचा अर्थ घरजावई असा घेतला असता. स्त्रीच्या नोकरीसंबंधी मराठीत आणखी एक ठरलेला शब्दप्रयोग आहे, तारेवरची कसरत. लहानपणी दांडिया बाजारात डोंबाऱ्याचा खेळ येई तेव्हा आम्ही वर दोरीवर चालणाऱ्या पोरीकडेच बघत असू. पण त्या दोरीच्या दोन्ही टोकांना बांबूंच्या कैच्या असत आणि त्या सरकू नयेत म्हणून कुटुंबातले कोणीतरी पाय रोवून उभे असे. आमच्या घरात कोण दोरीवर होते आणि कोण बांबू धरून, हे मला आता विचाराल तर मी सांगेन की मी दोरीवर होतो, टाळ्या मला पडत होत्या, आणि ती एका हाताने बांबू धरून दुसऱ्या हाताने स्वतःच्या दोरीवर चालत होती. उपमा इथे मोडते हे मला दिसते. पण ती मोडते तिथेच खरी आहे.

देशपातळीवरही चित्र निराळे नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये लोकांच्या दिवसाचा मिनिटांचा हिशेब मांडला, त्यात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या आणि पुरुष ९७. शिवाय असे काम मुळात करणाऱ्यांत स्त्रिया शंभरातल्या ८१ होत्या आणि पुरुष २६. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, पुन्हा मोजले तेव्हा स्त्रियांची मिनिटे २८९ झाली होती आणि पुरुषांची ८८. दहा मिनिटे तिकडची कमी झाली तर नऊ इकडचीही झाली. नवरे बदलले असे त्यातून तरी दिसत नाही, मिक्सर बदलला असावा. कायद्याचीही यात एक गंमत आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ६६ व्या कलमाने स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत कारखान्यात काम करायला मनाई केली होती, म्हणून आमच्या रात्रपाळीत सगळे पुरुषच असत आणि आपण जागतो, घरच्या बाया झोपतात अशी आमची समजूत होती. घरी तान्ह्या मुलाला घेऊन रात्री दोन वाजता येरझाऱ्या घालणाऱ्या बाईला ते कलम लागू नव्हते.

मी घरकाम करत नव्हतो असे मात्र नाही. बाजारहाट करत असे, खंडेराव मार्केटातून भाजी आणत असे, वीजबिल भरत असे, मुलांना गणित शिकवत असे, आणि निवृत्तीच्या आधीची दहाएक वर्षे पोळ्याही लाटत असे. मित्रांमध्ये मी फार मदत करणारा नवरा म्हणून प्रसिद्ध होतो. ‘मदत’ या शब्दातच सगळी गोम आहे हे मला कारखान्याच्या भाषेत फार उशिरा कळले. प्लँटवर दोन प्रकारची माणसे असतात. एक फील्डवरचा माणूस. त्याला वॉकीटॉकीवर सांगितले की अमुक व्हॉल्व्ह दोन आटे उघड, की तो जाऊन उघडतो, उन्हातान्हात घाम गाळतो, आणि त्याचे काम संपते. दुसरा पॅनेलवरचा माणूस. तो खुर्चीवरून उठतही नाही, पण सगळ्या टाक्यांच्या पातळ्या, सगळी तापमाने आणि अर्ध्या तासाने काय बिघडू शकेल याचा अंदाज त्याच्या डोक्यात सतत चालू असतो. दमतो तो हाच. घरात मी एकतीस वर्षे फील्डवर होतो. ‘सांग, काय आणू?’ हे माझे वाक्य होते आणि मला ते उदार वाटत असे. पॅनेलवर ती होती. डाळ कधी संपेल, मुलीच्या स्नेहसंमेलनाला हिरवी साडी कुठून आणायची, सासऱ्यांचा मोतीबिंदू पिकला की नाही, गॅसचा नंबर कधी लावायचा, वन्संच्या मुलीच्या लग्नात आहेर किती, हे सर्व शाळेत चौथीच्या मुलांना बेरजा शिकवताना तिच्या डोक्यात चालू असे. तिला कधीही कोणी रिलीव्ह करायला आले नाही, कारण ती ड्यूटीवर आहे हेच कोणाच्या नोंदीत नव्हते.

चार्ज न घेता केलेली मदत काय करते, हे एकदा दिसलेही होते. २०१४ मधली गोष्ट. माझी सकाळपाळी होती, संध्याकाळी मी घरात होतो आणि पत्नीला शाळेतून यायला उशीर होणार होता. आपण उपयोगी पडावे म्हणून मी आईला रक्तदाबाची गोळी दिली. पत्नी आली, तिने नेहमीप्रमाणे जेवणानंतर तीच गोळी पुन्हा दिली. आईनेही घेतली, कारण दोन माणसे देतात म्हणजे दोन असतील असा तिचा आमच्यावरचा विश्वास. रात्री न्हाणीघराच्या दाराशी तिला घेरी आली. डॉक्टरांनी फोनवर सांगितले की पाय उंच ठेवा, दर तासाला दाब बघा, उतरत गेला तर घेऊन या. पत्नी रात्रभर यंत्र घेऊन उशाशी बसली. मी झोपलो, पहाटे पाचला बस होती. दुसऱ्या दिवशी प्लँटवर पायपर अल्फाचे प्रशिक्षण नव्हते, पण असते तरी मला दोन्ही गोष्टी जोडता आल्या असत्या असे वाटत नाही. मी तिला एवढेच म्हणालो, “अगं, मला सांगायचे ना, तूही देणार आहेस म्हणून.” ती काही बोलली नाही.

३१ जुलै २०१९ च्या पुराचे तर मी बरीच वर्षे कौतुकाने वर्णन करत असे. त्या एका दिवसात बडोद्यावर जवळपास वीस इंच पाऊस पडला, विश्वामित्री पात्र सोडून वस्त्यांत शिरली आणि तिच्यातल्या मगरी रस्त्यांवर फिरताना लोकांनी पाहिल्या. मी दुसऱ्या पाळीला होतो. दहाची बस निघूच शकली नाही. रिलीव्हर आला नाही, त्याच्या जागी सकाळचाही आला नाही. आम्ही सातजणांनी प्लँट सलग तीन पाळ्या सांभाळला. कँटीनमधली बिस्किटे आणि कोणाच्या तरी डब्यातला लीलो चिवडा यांवर रात्र काढली. नंतर साहेबांनी आमच्या गटाला उभे करून टाळ्या वाजवल्या आणि मला भरपाई म्हणून तीन दिवसांची रजा मिळाली. त्याच चोवीस तासांत कारेलीबागेत आमच्या तळमजल्यात गुडघाभर पाणी चढले होते. पत्नीने गॅस बंद केला, मेन स्विच पाडला, ब्याऐंशी वर्षांच्या आईला खुर्चीत बसवून शेजारच्या बेनच्या दोन मुलांकरवी वरच्या मजल्यावर पोहोचवले, औषधांचा डबा आणि घराची कागदपत्रे डोक्यावरून नेली, आणि अंधारात दर तासाला जिन्याच्या किती पायऱ्या बुडाल्या ते मोजत राहिली. तिने ती मोजणी एका जुन्या पाकिटावर लिहून ठेवली होती: रात्री नऊ, तिसरी पायरी, दहा, चौथी, अकरा, चौथी, बारा, तिसरी. मी घरी आलो तेव्हा ते पाकीट टेबलावर पडले होते. ते लॉगशीट आहे हे मी ओळखायला हवे होते. छत्तीस वर्षांतली पस्तीस मी दर तासाच्या अशाच नोंदी भरत आलो होतो. मी ते रद्दीत टाकले आणि माझ्या तीन पाळ्यांची हकिकत सांगायला बसलो.

माझ्याकडे चार्ज आला तो २०२२ च्या जानेवारीत. मुलगी पुण्याला नोकरी करते. तिचे पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी व्हायचे, पण तिची डॉक्टर पुण्यात, आणि इकडे आईचे मांडीचे हाड मोडून ती अंथरुणाला खिळलेली, तेव्हा माहेरच उठून पुण्याला गेले. मुलीला २६ आठवड्यांची रजा होती. तिच्या आईच्या वेळी शाळेने तीन महिने दिले होते. १९६१ च्या कायद्यातही तेव्हा बाराच आठवडे होते, ते २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ झाले, आणि पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. चांगलाच कायदा होता. तरी बापाच्या रजेबद्दल त्यात एक ओळ नव्हती. जावयाला त्याच्या कंपनीने आपल्या मर्जीने दहा दिवस दिले आणि अकराव्या दिवसापासून त्याची रिलीव्हर म्हणून माझी पत्नी तिथे उभी राहिली. त्यामुळे इकडे पत्नीचा रिलीव्हर मी. साखळी नीट पाहिली तर एका तरुण आईबापांच्या दोन नोकऱ्या चालू राहाव्यात म्हणून साठीची एक बाई आणि साठीचा एक पुरुष पूर्ण वेळ लागत होते, आणि आम्ही दोघेही निवृत्त होतो हा निव्वळ योगायोग होता.

निघण्यापूर्वी मी तिला म्हणालो, “मला सगळे लिहून दे.” ती हसली. “लिहून देण्यासारखे असते तर कधीच दिले नसते का?” पण तिने दिले. ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाची गृहविज्ञानाची पदवीधर आहे. ही विद्याशाखा हंसाबेन मेहता कुलगुरू असतानाच्या काळात सुरू झाली. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारे इंग्रजी शब्द बदलून तिथे ‘सर्व माणसे’ असे लिहायला लावणाऱ्या त्याच हंसाबेन. आम्ही इंजिनिअरिंगवाली मुले या विषयाला पोळ्या लाटण्याची पदवी म्हणत असू. त्या अभ्यासक्रमात तिने लिलियन गिलब्रेथ वाचली होती. कारखान्यातल्या कामगाराची प्रत्येक हालचाल मोजून वायफळ श्रम कमी करण्याचे शास्त्र जिने नवऱ्याबरोबर उभे केले, नवरा १९२४ मध्ये वारल्यावर मुलांचा मोठा गोतावळा वाढवत जिने ते एकटीने पुढे नेले आणि तेच मोजमाप स्वयंपाकघरालाही लावले, ती बाई. मीही वर्क स्टडीच्या एका प्रशिक्षणात गिलब्रेथ हे नाव ऐकले होते. पण मी ऐकलेला गिलब्रेथ नवरा होता.

वही दोनशे पानी होती आणि तिची पहिली अकरा पाने भरलेली होती. आईच्या औषधांच्या वेळा, दूधवाल्याचा हिशेब, कामवाल्या बेनच्या मुलीची फी जूनमध्ये आपण भरतो ही नोंद, आई ‘नको’ म्हणते ते कोणत्या दिवशी खरे असते आणि कोणत्या दिवशी नसते. शेवटच्या पानावर, मी विचारले नव्हते तरी, फ्रिजवरच्या त्या जुन्या खुणांचा खुलासा होता. टिंब म्हणजे हे दिवसा झोपणार, आवाज नको. फुली म्हणजे मुलांच्या शाळेत काही आहे आणि हे नसणार. वर्तुळ म्हणजे मंगळवार असून यांची सकाळपाळी, दुपारी हे आईंपाशी घरात असतील, म्हणून शाळा सुटल्यावर सात वाजेपर्यंत मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. एकतीस वर्षांत ती काय वाचत होती हे मला ठाऊक नव्हते. ती कुठे जाते हेही मी धड विचारले नव्हते. ‘शाळेत उशीर होतो’ एवढीच माझी माहिती. मग २०१४ च्या त्या गोळीच्या संध्याकाळी कोणता वार होता, याचा मी विचार करत बसलो. जुना तक्ता आता कुठे मिळणार? तिला विचारण्याचे धाडस मी केले नाही, अजूनही केलेले नाही.

ते पाच महिने मी बरे निभावले असे आई म्हणते, पण ती मायेने म्हणते. पहिल्या महिन्यात गॅस दोनदा संपला. बेनच्या सुट्ट्यांवरून मी त्यांच्याशी कारखान्यातल्यासारखा बोललो आणि त्या तीन दिवस आल्या नाहीत. पण सर्वांत अवघड होते ते निराळेच. कामाने मी दमलो नाही. आईचे अंथरूण बदलणे, तिला पुसून घेणे हे करताना मला शांत वाटे. रात्री अकराला आडवे झाल्यावर उद्याचा दिवस डोक्यात सुरू होई आणि तो कोणाच्या हवाली करून बसमध्ये बसता येत नसे, त्याने मी दमलो. मार्चमध्ये एका रात्री मी पुण्याला फोन लावला आणि काहीतरी निमित्त काढून बोलत राहिलो. तिने शेवटी विचारले, “अहो, चार्ज द्यायला कोणी नाही म्हणून फोन केलात ना?” मागून बाळाचे रडणे ऐकू येत होते. आम्ही दोघेही मग काही वेळ नुसतेच फोन धरून बसलो.

जूनमध्ये ती परत आली. मी लॉगबुकासारखी वही तिच्यापुढे ठेवली; तिने ती शांतपणे चाळली, दोन ठिकाणी हसली, आणि परत माझ्याकडे सरकवली. तेव्हापासून आईची औषधे, दूध, गॅस आणि बेनचा हिशेब माझ्याकडे आहे. मदत म्हणून नव्हे, पूर्ण चार्ज. बाकीचे तिच्याकडे. हे वाटते तितके सोपे गेले नाही, आणि तिलाही नाही. जुना माणूस चार्ज देऊनही पॅनेलमागे रेंगाळतो आणि नव्याच्या हातावरून वाकून बघतो, हे मी प्लँटवर पुष्कळ पाहिले होते. तीही औषधांच्या डब्यापाशी येऊन उभी राहत असे आणि मग काही न बोलता निघून जात असे. मंगळवारी चारला ती पिशवी घेऊन निघते. सुरुवातीला ती जाताना मला सांगत असे, आता सांगत नाही.

गेल्या महिन्यात दूधवाला गावाला जाणार होता. त्याने मला आदल्या दिवशी बजावले होते आणि मी विसरलो. सकाळी पातेले रिकामे होते. तिला ते रात्रीच दिसले असणार, कारण झोपण्यापूर्वी ती फ्रिज उघडतेच. ती सवय एकतीस वर्षांची आहे. तिने मला आठवण केली नाही, कोपऱ्यावरच्या दुकानातून पिशवीही आणली नाही. ते तिला किती जड गेले असेल हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळत होते. ती वर्तमानपत्राचे एकच पान बराच वेळ वाचत होती. मी आधण ठेवले, आले किसले, गवती चहाची दोन पाती तोडून टाकली. आतून आईने विचारले, “अरे, आज चहाला उशीर का?” आणि त्या सकाळी आम्ही तिघांनी कोरा चहा घेतला.